बारावं नाव

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, भूतबित मी आजही मानत नाही. घडलं ते सांगते, बस.

मी विरार पश्चिमेला राहते आणि घरूनच एका विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाचं काम करते. कोर्सेस ऑनलाइन ठेवायचे, बंद पडलेल्या लिंक सुरू करायच्या. त्यात अर्थशास्त्राचा एक जुना कोर्स होता, सामंत सरांचा. सर जाऊन चार वर्षं झाली. रिकाम्या स्टुडिओतसुद्धा ते कॅमेऱ्यापुढे आधी हजेरी घ्यायचे... नाव घ्यायचं, थांबायचं, मग पुढचं. आम्ही चेष्टा केली की म्हणायचे, "पोरं घरी आहेत, गैरहजर नाहीत." त्या बॅचची नावं अकरा.

यंदा आमच्या विभागाच्या साहेबांचा निरोप आला — अभ्यासक्रम बदललाय, जुना कोर्स काढा. त्याची एकच विद्यार्थिनी उरली होती, वसईतल्या पाचूबंदरची सिसिलिया. सकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव उरकायची, दुपारी मोबाईलवर लेक्चर ऐकायची. परीक्षेची तिची ही शेवटची संधी, तीही दहा दिवसांवर. मी सांगून पाहिलं. "एकीसाठी सर्व्हर अडवायचा का?" साहेब म्हणाले. मी मुकाट्याने कोर्स डिलीट केला. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्स जागच्या जागी! बॅकअपमधून आला असेल म्हणून मी तो पुन्हा काढला, बॅकअपही पुसला. तिसऱ्या दिवशी सिसिलियाचा फोन.

"मॅडम, कोर्स परत चालू केला, थँक्यू हां! पन सरांना माझा नाव कोनी सांगितला?"

"तुझं नाव? कुठे घेतलं?"

"हजेरीत. इतके दिवस अकराच होते ना... आज लास्टला माझा घेतला. मी हजर बोलले पन! आई हसाय लागली."

मी व्हिडिओ लावला. तेच सर, तोच चुरगळलेला शर्ट. अकरा नावं झाली... आणि मग, "सिसिलिया." सर थांबले, मान हलवली आणि फळ्याकडे वळले. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच. सर गेले त्यानंतर वर्षभराने या पोरीने प्रवेश घेतला होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "कोर्स अजून दिसतोय!"

घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला होता, स्वतःचाच.

"आता नाही काढणार, साहेब. हजेरी झालीय, वर्ग सुरू आहे. पोरीला वर्गातून उठवायचं असेल तर तुम्ही या, पासवर्ड देते."

पासवर्ड घ्यायला कोणी आलं नाही. सिसिलिया पास झाली.

आयटीवाले म्हणतात, फाईलची तारीख जुनीच आहे, कोणी हात लावलेला नाही. कोणी म्हणतं एडिटिंग, कोणी म्हणतं माझा भ्रम. म्हणू देत. कोर्स मात्र ऑनलाइन आहे, आणि तो काढायचा विषय पुन्हा निघालाच, तर सरांच्या आधी गाठ माझ्याशी आहे.