आयुष्यरेषेचे अकरा ठसे

बाजारामागच्या गल्लीत, घड्याळजीच्या दुकानाला लागून तिचं टेबल होतं. हातात सदा भिंग, म्हणून अख्खी गल्ली तिला भिंगवाली म्हणायची. हात पाहायला तिला बाबांनी शिकवलं. पुरुषाचा उजवा पाहावा, बाईचा डावा, असं जुन्या पोथीत होतं. बाबा दोन्ही पाहायचे. तळहाताला शाई लावून कागदावर ठसा घ्यायचे आणि कडेला बारीक अक्षरात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि भाकीत लिहून ठेवायचे.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना तिला ठशांचा गठ्ठा सापडला. एका हाताच्या कडेला लिहिलं होतं, ‘आयुष्यरेषा तुटकी. चाळीस. पुढे नाही.’ जन्मतारीख बघून तिनं बोटांवर हिशेब केला. ही बाई जिवंत असलीच तर आज सत्तावन्नची असणार. तिनं गठ्ठा पुन्हा चाळला. मरणाचं वय लिहिलेले ठसे अकरा निघाले.

“या सगळ्यांकडे जाऊन येते,” तिनं थोरल्या भावाला सांगितलं.

“डोकं ठिकाणावर आहे ना? स्वतःच्याच पोटावर पाय देतेयस.”

“असू दे, दादा.”

सत्तावन्नची बाई तीनच गल्ल्या पलीकडे कपडे शिवत बसलेली सापडली. ठसा पाहून तिनं मशीन थांबवलं.

“मला नर्स व्हायचं होतं,” ती म्हणाली. “प्रवेशही मिळाला होता. मग तुझ्या बाबांनी हात पाहिला. म्हटलं, चाळिशीत जायचंच आहे, तर एवढं शिकून करू काय? चाळीस पूर्ण झाली त्या दिवशी नवे कपडे घालून खाटेवर आडवी झाले. संध्याकाळी भूक लागली, तेव्हा उठले.”

भिंगवालीला हसावं की रडावं कळेना. “मावशी, बाबा चुकले. तेच सांगायला आले.”

“सतरा वर्षं उशिरा आलीस,” म्हणत बाईनं मशीन पुन्हा सुरू केलं. बस म्हणाली नाही.

पुढच्या घरी स्वागत झालं, आणि तेच जास्त लागलं. तिथल्या सुतारकाकांच्या ठशावर ‘पंचावन्न’ लिहिलं होतं. ते पंचावन्नाव्या वर्षीच गेले होते.

“तुझे बाबा म्हणजे देवमाणूस!” काकू कौतुकानं सांगू लागल्या. “अगदी अचूक सांगितलं बघ. यांचा एवढा विश्वास, की पंचावन्न लागल्यावर रक्तदाबाच्या गोळ्याच बंद केल्या. म्हणाले, आता कशाला?”

भिंगवालीच्या हातात काकूंनी दिलेला पाण्याचा पेला होता. खरं सांगावं तर काकूंचा आधार सुटणार. न सांगावं तर उद्या त्यांचा मुलगाही कुणापुढे हात पसरून बसणार. तिनं पेला खाली ठेवला.

“काकू, ते रेषेनं गेले नाहीत. गोळ्या सोडल्या म्हणून गेले.”

 काकूंनी उठून दार उघडलं. “ये तू आता.”

ती निघाली. त्याच दुपारी तिनं तिसरं घर गाठलं.

पुढच्या सोमवारी टेबलाशी नेहमीचा ट्रकवाला आला. “ताई, लांबचा पल्ला आहे. आयुष्य किती ते बघ.”

“स्वभाव सांगेन, कामाचं सांगेन. आयुष्याचं नाही सांगत.”

“सांगत नाहीस, की येत नाही?”

शेजारच्या घड्याळजीनंही मान वर केली. ‘सांगत नाही’ म्हटलं असतं तर विद्येचा मान राहिला असता. तिनं भिंग खाली ठेवलं.

“येत नाही. कुणालाच येत नाही. बाबांनाही येत नव्हतं.”

ट्रकवाला हात झटकून उठला आणि सरळ कोपऱ्यावरच्या दुसऱ्या ज्योतिष्याकडे गेला. त्या महिन्यात टेबलापुढची अर्धी रांग त्याच्या मागोमाग गेली. भाऊ म्हणाला, “बघ, सांगत होतो.” ती म्हणाली, “हो, सांगत होतास,” आणि चौथा पत्ता शोधायला बाहेर पडली.