साडभाऊंचा प्रिंटर

नव्या वस्तूवर आमच्या साडभाऊंइतका विश्वास टाकणारा माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नव्हता. सगळा जिल्हा मी पाहिलेला नाही, तेव्हा हे विधान पवनीपुरतं धरावं. बायकोच्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना जवळून पाहिलं. मिक्सर आणला, तर व्होल्टेज इतकं कमी की पातं फिरेचना. पाट्यावरची चटणी ते ‘सध्या तात्पुरती’ म्हणून वर्षानुवर्षं वाढत राहिले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी लुगड्यांच्या दुकानात कॉम्प्युटर आणला, मराठी अक्षरांचं कार्ड बसवलेला. प्रिंटर घरघरत मराठी पावती काढी, तेव्हा गिऱ्हाईक लुगडं विसरून पावतीच न्याहाळे. सगळं सुरळीत होतं, हीच अडचण. मुलीचं, शालूचं लग्न ठरलं. पत्रिका घरच्या प्रिंटरवरच निघणार, असं साडभाऊंनी जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात नागपूरहून नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणून यंत्रात घातली. तिला ना ते कार्ड ओळखू येई, ना प्रिंटर. पत्रिकेच्या जागी कागदावर नुसत्या फुल्या आणि चौकोन उमटले.

“बाबा, जुनीच फ्लॉपी घाला नं,” शालू म्हणाली.

“काहून वं? नवीन सिस्टिम हाय. तिले घरचे लोक ओळखाले वेळ लागते.”

“तवरिक माह्या लेकराचं बारसं होऊन जाईन.”

छापखान्यात जाणं म्हणजे हार. लग्न तोंडावर आलं, आणि एकाही घरी निमंत्रण नाही. शेवटी साडभाऊ हळदीच्या अक्षता घेऊन सायकलवर निघाले, पार आसगावपर्यंत. अक्षत द्यायची आणि उठायचं, असा रिवाज. हे मात्र प्रत्येक ओसरीवर बसून शालूच्या बालपणापासून सुरुवात करत आणि नव्या सिस्टिमच्या गुणांवर येऊन थांबत. लग्नाला इतके लोक आले की भात पुन्हा टाकावा लागला. पत्रिकेनं एवढे आले नसते, असं मी म्हणालो. ते त्यांना आवडलं नाही.

शालू साकोलीला सासरी गेली. महिन्याभरानं साडभाऊ आमच्या दारात उभे. नागपूरचा माणूस येऊन प्रिंटर दुरुस्त, म्हणजे सिस्टिमला राजी, करून गेला होता. हातात पत्रिका होती. एकही अक्षर तुटलेलं नाही.

“लग्नाले या, साडभाऊ,” ते मला म्हणाले.

मी तारीख वाचली. एरवी चूक दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी राहवलं. हिनं पाणी आणलं, ते तसंच राहिलं. साडभाऊ शालूच्या नावावरून हळूहळू बोट फिरवत होते. मी पाहतो आहे हे लक्षात येताच म्हणाले,

“शाई वाळली का, पाहून राहिलो.”