डबीतली वाढीव फळी

सुतारांकडे काटकोन तपासायचं एक हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. मिस्त्रींना त्यांच्या पाठीमागे सगळे गुण्या मिस्त्रीच म्हणत. कुणाच्या घरी चहाला गेले तरी कप हातात घेण्याआधी त्यांचा डोळा टेबलाच्या कोपऱ्यावर जायचा. जावई म्हणायचा, "बाबांना लग्नाचा अल्बम दाखवू नका, ते नवरानवरी सोडून मंडपाचे खांब बघतात." मिस्त्री हसायचे, पण खांब खरंच तिरके होते.

बेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या स्वयंपाकघरांत ओटे आणि कपाटं बसवली. त्यांची एक पद्धत होती. ओटा किती उंच हवा, असं ते घरच्या बाईला कधी विचारत नसत. "माणूस तोंडाने सांगतो ते माप खोटं असतं," म्हणायचे. बाईला घरातल्या चपलांसकट उभं करायचं, हात कोपरात वाकवायला लावायचा, कोपराखाली चार बोटं धरायची आणि तिथे एका लाकडी पट्टीवर पेन्सिलीची खूण करायची. टेप लावायचाच नाही. पट्टीवर नाव लिहायचं, 'दवाखान्यावरच्या बाई', 'बेकरीवाल्याची सून', आणि ती पट्टी घेऊन कामाला लागायचं. काम झाल्यावर पट्ट्या कारखान्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या असत. घरात दुसरी सून आली की कित्येक जण नव्या मापासाठी परत यायचे.

त्यांत एक पट्टी 'घरचे' अशी होती. एकतीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरातला ओटा केला, तेव्हाची.

मिस्त्रीणबाई या सगळ्या वर्षांत वाट बघत होत्या. कुठे जायचं ठरलं की कुणाचा तरी ओटा अर्धा राहिलेला असायचा. लेकीचं लग्न झालं, मग त्यांनी सांगूनच टाकलं. "कारखाना बंद कराल तेव्हा मला एक महिना द्या. हॉटेलचं जेवण नको, कुणाचा पाहुणचार नको. कुठेतरी झाडाखाली राहायचं, माझ्या हातचं करून खायचं आणि नुसतं बसायचं. बाकी काही मागत नाही."

त्यांनी खरोखरच बाकी काही मागितलं नव्हतं. म्हणून कारखान्याला कुलूप लावल्यावर मिस्त्रींनी एक जुना ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढायचा. आत एक पलंग, एक खिडकी, तीन पावलांची मोकळी जागा आणि हातभर ओटा. मिस्त्रीणबाई आत शिरल्या, वळल्या, कंबर दाराला लागली. "हा ट्रेलर कसला, ही तर डबी," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तिचं नाव डबी पडलं.

डबीच्या ओट्यावर एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला भांडी धुवायचं कुंड, मध्ये जेमतेम एक ताट मावेल एवढी जागा.

"पीठ कुठे मळू?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं. "तुमच्या डोक्यावर?"

"तेवढं सपाट नाही ते," मिस्त्री म्हणाले, आणि त्याच दिवशी कामाला लागले.

ओट्याच्या दाराकडच्या टोकाला बिजागरीवर फिरणारी एक फळी लावायची. वर उचलली की ओटा हातभर वाढेल, खाली सोडली की कपाटाच्या अंगाला चिकटून बसेल आणि दार मोकळं. ऐकायला सोपं, पण डबीच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या, स्क्रू पकड घेईनात. मिस्त्रींनी कपाटाच्या आतून टणक लाकडाची पट्टी दिली आणि बिजागरी तिच्यात बसवली. खाली पाय दिला असता तर पायाला ठेचा लागल्या असत्या, म्हणून तिरका टेकू केला, तोही दुमडून आत जाणारा. गाडी एका अंगाला जड होऊ नये म्हणून फळी हलक्या प्लायची घेतली. जाता-येता कंबरेला लागू नये म्हणून तिचा कोपरा बशीच्या काठासारखा गोल केला. प्रवासात आदळू नये म्हणून लाकडाची छोटी खिटी लावली. नऊ दिवस ते त्यात बुडालेले होते. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, एवढ्यात तर तुम्ही अख्खं स्वयंपाकघर केलं असतंत."

उंचीसाठी मात्र त्यांना काही करावं लागलं नाही. त्यांनी कारखान्यातून 'घरचे' लिहिलेली पट्टी आणली, डबीच्या ओट्याला टेकवली, आणि पेन्सिलीची खूण ओट्याच्या काठाशी केसभरही फरक न पडता जुळली. मिस्त्रींना एवढा आनंद झाला की त्यांनी हाक मारून बायकोला बोलावलं.

"हे बघ. कुठल्याशा कारखान्याने बनवलेली डबी, पण ओटा तुझ्या मापाचा. आता फळी याच पातळीत घेतली की झालं."

मिस्त्रीणबाईंनी पट्टी हातात घेतली, त्यावरचं पुसट अक्षर बघितलं. "अजून आहे ही?"

"नसेल कशी? आणि पट्टी नसती तरी काय बिघडलं होतं? तुझं माप मला तोंडपाठ आहे."

त्या थोडं हसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "फळी थोडी खाली घेतली तर?"

"अगं, मग मध्ये पायरी येईल. पाणी साचेल, पीठ अडकेल. ओटा कसा एका रेषेत हवा."

"बरं. तुम्हाला कळतं त्यातलं."

हे वाक्य मिस्त्रींनी बेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. त्यांना ते नेहमी कौतुकासारखंच वाटत आलं होतं.

सामान भरताना आणखी एक गोष्ट झाली. घरच्या ओट्यापुढे मिस्त्रीणबाई पायाखाली एक फळी घेऊन उभ्या राहायच्या. तीन वर्षांपूर्वी, फरशी गार लागते म्हणून त्यांनी ती करून मागितली होती. "किती उंच?" मिस्त्रींनी विचारलं होतं. "चार बोटं," त्या म्हणाल्या होत्या. मिस्त्रींनी चार बोटं उंच, कोपरे घासून, झकास फळी करून दिली होती. गारठ्यासाठी चार बोटं कशाला, बोटभर पुरली असती, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आता बाईंनी ती गाडीत ठेवलेली बघून त्यांनी उचलून परत घरात नेली. "डबीची जमीन लाकडाची आहे. गार लागणार नाही. उगाच अडगळ."

मिस्त्रीणबाई बाकीचं सामान भरत राहिल्या.

तळ्याकाठी झाडांच्या रांगेत ट्रेलर लावायची जागा होती. पहिल्या संध्याकाळी फळी वर उचलली, टेकू खट्कन बसला. मिस्त्रींनी तिच्यावर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवला आणि बायकोला मळायला सांगितलं. पेल्यातलं पाणी हललं, पण सांडलं नाही. ते पेल्याकडे बघत होते. मळणाऱ्या माणसाकडे बघायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिरून आले तर मिस्त्रीणबाई पलंगावर बसून, मांडीवर भांडं घेऊन पीठ मळत होत्या. फळी खाली सोडलेली.

"हे काय? फळी काय शोभेला केली?"

"सवय नाही अजून."

"नऊ दिवस राबलो, आणि तू मांडीवर मळणार!" मिस्त्रींचा आवाज चढला. कामावर असं काही झालं की त्यांचा जीव पार छोटा व्हायचा, आणि तो छोटा झाला की आवाज मोठा व्हायचा.

"बरं बाबा, चिडू नका. उद्यापासून मळते तुमच्या फळीवर. वाटल्यास तिच्यावरच झोपते."

आणि खरंच दोन दिवस त्या दोन्ही वेळेला फळीवर मळत राहिल्या. पाचव्या दिवशी सकाळी केस विंचरायला त्यांनी उजवा हात उचलला आणि तो खांद्याच्या वर जाईना. तोंडावर रंग उरला नाही. शेजारच्या तंबूत एक निवृत्त नर्सबाई होत्या, मिस्त्री धावत जाऊन त्यांना घेऊन आले.

नर्सबाईंनी खांदा चाचपला, कुठे दुखतं, कधीपासून, सगळं विचारलं. मग ओट्यावरच्या पिठाकडे बोट करून म्हणाल्या, "इथे मळता? उभं राहून दाखवा बरं."

मिस्त्रीणबाई फळीपुढे उभ्या राहिल्या. खांदे कानाला जाऊन लागले.

"अहो, हे केवढं उंच आहे यांना! वजन द्यायला जागाच नाही. सगळा जोर खांद्यावर."

"उंच कसं असेल?" मिस्त्री म्हणाले. "तिच्याच मापाचं आहे."

"कधीच्या?"

मिस्त्री पुढे झाले. बायकोचा डावा हात हलकेच कोपरात वाकवला. कोपर फळीच्या बरोबर पातळीत होतं. कोपराखाली जिथे चार बोटं जागा हवी, तिथे कागद सरकवायलाही जागा नव्हती.

हाडं ठिसूळ झाली आहेत, मणके दबून उंची कमी होते, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला तीन वर्षं झाली. मिस्त्री तेव्हा सोबत गेले होते, गोळ्याही आणून दिल्या होत्या. त्यानंतर बायकोने आपले सगळे गाऊन खालून दुमडून शिवले, तेव्हा शिलाई मशीन आठवडाभर खडखडत होतं आणि ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. पायाखालची फळी त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. मापासकट.

नर्सबाई गेल्यावर ते पायरीवर बसले. "सांगायचं नाही का गं?"

"म्हटलं होतं की, थोडी खाली घ्या."

"तसं नव्हे. नीट सांगायचं. ओरडून सांगायचं."

मिस्त्रीणबाईंनी दुखरा हात मांडीवर नीट ठेवला. "लाज वाटली. आणि तुम्ही म्हणालात, माप तोंडपाठ आहे. बरं वाटलं मला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असं काही बोललात. आता ते खोडून काढू का मी?"

परक्या बायांना पायांत चपला आहेत की नाहीत इथपर्यंत मिस्त्रींनी निरखून पाहिलं होतं. कुणाला चष्मा लागलाय, कुणाची कंबर धरते, सगळं ध्यानात ठेवून ओटे केले होते. आणि हिला एकतीस वर्षांत पुन्हा एकदा उभं करावं असं वाटलं नव्हतं, कारण ही घरचीच.

"हत्यारं गाडीत आहेत," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खाली घेतो."

"नको. घरी जाऊ या."

महिन्यातले चार दिवस झाले होते.

घरी आल्यावर मिस्त्रींनी डबी अंगणात लावली, बायकोला बोलावून नव्याने माप घेतलं आणि फळी चार बोटं खाली उतरवली. पाणी साचू नये म्हणून पायरीला उतरती कड दिली. काम छान झालं. पण खांदा आखडला तो आखडलाच. शेक झाले, व्यायाम झाले, हात खांद्याइतका वर येऊ लागला, त्यापलीकडे नाही. जोराचं काम करायचं नाही, पीठ तर नाहीच, असं डॉक्टरांनी बजावलं.

वर्षाने लेकीने लकडा लावला म्हणून दोघं पुन्हा तळ्याकाठी गेले, तीन दिवसांसाठी. आता मिस्त्री मळायचे. फळी त्यांना फार खाली पडायची. ते पार वाकून, पाय फाकून मळत, आणि मिस्त्रीणबाई पलंगावरून सूचना देत.

"पाणी बेतानं. भिंत लिंपायची नाहीये."

"हं."

"मुठीनं दाबा, तळव्यानं नको." मग थोड्या वेळाने, "अहो, ती फळी वर घ्या आता. तुमच्या मापानं करा."

"राहू दे."

"राहू दे काय? उद्या तुमची कंबर धरली, तर मी एका हाताने दोघांचं करू?"

बोलणं अगदी बरोबर होतं. अर्ध्या तासाचं काम, टेकूचे चार स्क्रू काढून वर लावायचे. पण फळी वर घ्यायची म्हणजे आता आपल्याला हिच्या हातचं मिळायचं नाही, हिलाही स्वतःच्या हातचं मिळायचं नाही, हे आपणच स्क्रू पिळून पक्कं करायचं. सकाळपासून दोनदा त्यांनी पेचकस हातात घेतला होता आणि दोनदा परत ठेवला होता.

"ऐकू येतंय ना?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"येतंय," मिस्त्री म्हणाले, आणि तसेच वाकून मळत राहिले.