सातबाऱ्यावरचा माणूस

ती दुपार आठवली की आजही अंगावर काटा येतो. तीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाने असं म्हणू नये, पण खरं ते खरं. नावं कुणाचीच सांगणार नाही.

बेंबळीकडच्या एका गावची साठीची बाई ठाण्यात आली. सोबत इस्त्रीच्या शर्टातला पंचविशीचा तरुण. तिनेच त्याला मनगट धरून आणलं होतं. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी पुढे ओढली.

"सायेब, आमचे मालक जाऊन चार वरसं झाली. म्या सोता माती दिली. अन् ह्यो पोरगा म्हन्तोय, परवा त्येंच्याशी फोनवर बोललो."

तरुण मूळचा आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूम गावचा. पुण्यात नव्या कंपन्यांना भांडवल पुरवणाऱ्या फर्ममध्ये, म्हणजे व्हेंचर कॅपिटलमध्ये, नोकरीला. जमिनीतली ओल मोबाइलवर सांगणारं यंत्र विकणारी एक कंपनी त्याने हेरून वरिष्ठांपुढे ठेवली होती. त्याचा हा पहिलाच सौदा, सोमवारी सह्या होणार होत्या. कंपनीने ग्राहक शेतकऱ्यांची यादी दिली, याने फोन लावले, सगळ्यांनी यंत्राची तारीफ केली. त्यातला एकजण म्हणाला, घरी येऊन जा. अहवालाला फोटो होईल म्हणून हा गेला, तर घरात हार घातलेली तसबीर.

"सर, तक्रार नको," तो मला हळूच म्हणाला. "खात्री न करता शिफारस केली असं होईल. माझं करिअर सुरू व्हायच्या आधीच संपेल."

फसलेला माणूस फसवणाऱ्याइतकाच तोंड लपवतो, हे मी नोकरीभर पाहिलं. मी यादी मागून घेतली. प्रत्येक नावापुढे जमिनीचा गट नंबर होता. आमच्याकडे माणूस जातो, पण भाऊबंदकीत वारसनोंद रखडते आणि सातबाऱ्यावर तो वर्षानुवर्षं जिवंत राहतो. कुणीतरी सातबारे बघून असल्या मेलेल्यांचे ग्राहक तयार केले होते.

दोन पंच बोलावले. तरुणाला फोन स्पीकरवर ठेवून तोच नंबर लावायला सांगितला.

"बोला," पलीकडून आवाज आला. भरदार, जरा घोगरा. बाईने झटकन पदर कपाळावर ओढला, नवरा समोर आल्यासारखा.

"कुठं हायसा तुमी?" तिने विचारलं.

तोच आवाज म्हणाला, "वैनी... तुमी?"

तो तिचा धाकटा दीर होता, त्या कंपनीत कामाला. तासाभरात धाराशिवहून ताब्यात घेतला. समोर बसला तेव्हा त्याचा आवाज अगदी चिरका, बारीक. आधी उडवाउडवी केली. वहिनीला समोर बसवल्यावर ढासळला.

"कंपनीवाल्यानं गिऱ्हाईक बनून बोलायला ठेवलं व्हतं, सायेब. बाकीची सोंगं म्या केली. दादाचं न्हाय. दादाच्या नावाचा फोन आला की घसा आपोआप तसा व्हायचा. 'घरी येऊन जा' म्या कशाला म्हणीन? माझीच मान अडकंल. पन निगालं तोंडातून."

लेखनिकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जबाबात घ्या.

कंपनीच्या मालकापर्यंत पोचायचं तर तरुणाचीच फिर्याद हवी होती. तो बाकावर मान खाली घालून बसला होता. बाई त्याच्याजवळ गेली.

"लेकरा, तुला त्येनीच बोलावलं. तू आलास. आता अर्ध्यातनं जाऊ नगंस."

तिची समजूत मला खोडता आली नाही, आणि खरं सांगतो, खोडावीशीही वाटली नाही.

त्याने फिर्याद स्वतःच्या हाताने लिहिली. पहिलंच वाक्य होतं, 'मी फक्त फोनवर खात्री केली, ही माझी चूक.' मग माझ्याच टेबलावरून वरिष्ठांना फोन लावून ते वाक्य वाचून दाखवलं. सौदा मोडला, कंपनीचा मालक आत गेला. तरुणाची नोकरी मात्र राहिली. आज त्याच फर्ममध्ये नव्या मुलांना तो आधी ग्राहकाच्या उंबऱ्यावर पाठवतो.

दरडावून, गोड बोलून, रात्र-रात्र जागवून मी लोकांकडून कबुल्या काढल्या, आणि त्याचा मला अभिमानही होता. न मागता मिळालेली कबुली तेवढी एकच, आणि ती आरोपीची नव्हती.