बियांसकट आलुबुखार

जर्मनीत कार्ल्सरूहेच्या स्टेशनवर उतरले तेव्हा बॅगेत गोडा मसाला होता आणि डोक्यात ह्यांचं वाक्य. ‘तूच बघून ये. मला त्यातलं काही सांगू नकोस.’ आमच्या निरंजनने इथे शिकता शिकता फ्रान्समधल्या ब्रेतान्य भागातली माएल पसंत केली होती. ती स्काइपवर दिसली की हे कप घेऊन गॅलरीत जायचे. तसे ते जेवणावरूनही असेच उठतात, शेवटचा घास तोंडात असतानाच.

मी आल्यापासून गोंधळलेलीच होते. ट्राममध्ये माणसं मौनव्रत घेतल्यासारखी बसतात. संध्याकाळी जेवायला गार पाव. कचऱ्याचे डबे तर विचारूच नका. बिओत (ओल्या कचऱ्याचा डबा) काय जातं आणि काय नाही, ह्यावरून पोटचा पोरगा माझी शाळा घ्यायचा.

शनिवारी माएल सुके आलुबुखार घ्यायला निघाली, मीही गेले. दुकानात छान मऊ, गुबगुबीत आलुबुखार समोर दिसत होते, पण ती पाकीट उलटसुलट करून परत ठेवायची. दोन-तीन दुकानं पालथी घातल्यावर शेवटी एका तुर्की दुकानात सुरकुतलेले, कडक आलुबुखार मिळाले आणि बाईसाहेब खूश. ह्यात खूश होण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

रविवारी तिचे वडील स्ट्रासबर्गहून जेवायला यायचे होते. त्यांच्यासाठी घरचा गोड पदार्थ व्हायचा होता, त्याचं नाव फार. ‘फार काय?’ असं मी विचारलं, तर निरंजनही हसला नाही. माएलची आई वर्षापूर्वी गेली, हा तिचा पदार्थ. ती गेल्यापासून वडील कुणाच्याच टेबलावर टिकत नव्हते. आले, चार घास खाल्ले, निघाले.

सकाळी दोघं मैत्रिणीकडून भाजायचं भांडं आणायला गेली. ओट्यावर आलुबुखार भिजत होते. रिकामं बसणं मला जमत नाही. एकेक चिरून सगळ्या बिया काढल्या, धुतल्या आणि सांगलीला नेऊन लावाव्यात म्हणून खिडकीत कागदावर वाळत घातल्या. पाहुण्याच्या तोंडात बी येणं म्हणजे आमच्याकडे यजमानाची अब्रूच जाते.

माएल आली, तिने वाडगा पाहिला आणि तो मांडीवर घेऊन खाली बसली. तिचे डोळे भरले.

‘आई, अगं काय केलंस हे!’ निरंजन म्हणाला. ‘बिया ठेवायच्याच असतात त्यात. तिची आई म्हणायची, बिया असल्या की माणसाला घाईने गिळता येत नाही. बसावं लागतं. तिला आज तिच्या बाबांना बसवायचं होतं.’

‘मग दुसरे आणू या.’

‘संडेला इथे सगळं बंद असतं.’

सून म्हणून पोरगी बघायला आले आणि तिच्या आईच्या पदार्थाचीच वाट लावली! मग एकदम सुचलं. ‘अरे, बिया आहेत ना!’

मी खिडकीतला कागद आणला. आयुष्यभर वांगी भरली, आलुबुखारात त्यांच्याच बिया भरायची वेळ कधी आली नव्हती. माएल माझ्या शेजारी बसून भरू लागली. मध्येच तिला हसू फुटलं आणि मलाही. मग दूध, अंडी, साखर, मैदा ह्यांचं घावनासारखं पातळ पीठ वर ओतलं. ओव्हनमध्ये ते टम्म फुगलं, बाहेर काढल्यावर बसलं. मी कपाळावर हात मारला, तर माएल म्हणाली, असंच व्हायला हवं.

वडील कोट अंगात ठेवूनच जेवले. गोड वाढलं तेव्हा त्यांची नजर दाराकडे होती. पहिला घास घेतला आणि ते थांबले. बी काढून ताटलीच्या कडेला ठेवली. पुढच्या आलुबुखारातून दोन बिया निघाल्या, तो माझ्या घाईचा प्रताप. त्यांनी त्या बराच वेळ पाहिल्या आणि माएलला काहीतरी म्हणाले.

निरंजनने मला सांगितलं, ‘ते म्हणतायत, माझ्या बायकोने मला कधी दोन दिल्या नाहीत.’

मग त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि ताटली पुढे केली. अंधारून आलं तरी ते बसले होते, बायकोबद्दल बोलत. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मीही उठले नाही. मी परत यायला निघाले तेव्हा माएलने मला वाकून नमस्कार केला. तो कुणी शिकवला, हे मी विचारलं नाही.

सांगलीला परतल्यावर सगळे प्रवासाचं विचारतात. मला तो देश अजून नीट कळलेला नाही, कचऱ्याचे डबे तर मुळीच नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी मी शिऱ्यात अख्खे खजूर घातले.

‘अगं, बी राहिलीय!’ हे ओरडले.

‘राहिली नाही, ठेवलीय. हळू खा.’

ते कुरकुरत एकेक बी ताटाच्या कडेला ठेवत राहिले. उठता येईना. गॅलरीकडे एकदा पाहिलं, मग खाली ताटाकडे पाहतच म्हणाले, ‘कशी आहे गं ती मुलगी?’