पाटाअलीकडची सावड

माझ्या पत्नीला बाहेरचं काही लागलं होतं आणि एका भगतानं ते उतरवलं, असं माझी मेहुणी आजही चारचौघांत सांगते. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मुलाच्या मते सगळं श्रेय गोळ्यांचं. दोघांचंही मी ऐकून घेतलं आहे. मात्र त्या काळात तिच्या शेजारी मी होतो, ते नव्हते.

डोंगरातलं आमचं भातखाचरांचं गाव धरणात गेलं आणि बदल्यात कळंबकडच्या एका वाडीत, पाटाच्या अलीकडे, जमीन मिळाली. मी प्राथमिक शिक्षक. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं त्या जमिनीवर राहायला आलो. वाडीनं आमचा छळ केला, असं मी म्हणणार नाही. इकडे कांद्याची लागण सावडीनं होते. आज आम्ही तुझ्या रानात, उद्या तू आमच्या. पैशाचा संबंध नाही. पाटापलीकडच्या साऱ्या बायका एकमेकींच्या सावडीत होत्या. माझ्या पत्नीला सांगावा येई तो मात्र मजुरीचा. "ओ धरणवाल्या, उद्या येता का? रोज देऊ." डोंगरात जिच्या हाताखाली तरण्या सुना भात लावायला शिकल्या, ती इथे नाव नसलेली मजूर झाली. आमच्या लागणीला कुणी फिरकत नसे.

पुढे तिची छाती धडधडू लागली. भाकरी थापता थापता हात थांबे. दारात कुणी हाक मारली की ती आतल्या खोलीत जाई. मंचरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही ताण?" मी म्हणालो, "घरात नाही, बांधावर आहे." त्यांच्या गोळ्यांनी तिला झोप लागू लागली, हे मी कृतज्ञतेनं मान्य करतो. पण झोपून उठलेल्या माणसानं जायचं कुणाकडे?

गेल्या हिवाळ्यात पाटापलीकडची एक बागायतदारीण दारात आली. रोपं उपटून ठेवलेली, आभाळ भरलेलं आणि दोन बाया कमी. मी ओट्यावरच होतो.

"रोजानं नाही," मी म्हणालो. "सावडीनं."

"अवो गुरुजी, सावड आमच्या आमच्यात असती."

"मग रोपं सुकू द्या."

तेवढ्यात आतून पत्नी बाहेर आली. "तुमी गप बसा," ती मला म्हणाली आणि त्या बाईकडे वळली. "मी येते. पर माझ्या लागणीला तुमी यायचं. न्हाई आलात, तर पुन्हा हाक मारू नका."

बाईनं भरल्या आभाळाकडे पाहिलं. "येईन," म्हणाली.

पत्नी जाऊन आली. मग आमच्या लागणीची सकाळ उजाडली. भगतामुळे तोवर ती बरी झालीच होती, असं मेहुणी म्हणते. साफ खोटं. त्या सकाळी तिनं चहाचं आधण दोनदा ठेवलं आणि दोनदा उतरवलं. ती सारखी पाटाकडे बघे आणि मी तिच्याकडे. बाई आली नाही, तर हे दार पुन्हा उघडणार नाही, हे मला कळत होतं. उन्हं वर आली. मी चप्पल घालत होतो. त्या बाईला चार शब्द सुनावायचा माझा पक्का बेत होता.

"बसा तिथंच," पत्नी म्हणाली.

पाटाच्या भरावावरून तीन बायका येत होत्या. पुढे तीच.

"उशीर झाला गं बाई. म्हशीनं पान्हाच चोरला."

"म्हशीवर नका ढकलू. उठलाच उशिरा," पत्नी म्हणाली.

तिघी हसल्या. चहा झाला, वाफ्यांत उतरल्या. मी बांधाशी पाणी बघत होतो, तोच पत्नीचा आवाज चढला, "अगं, एवढं अंतर? कांदं लावताय का नारळ?"

"लई बोलती ही! आदी म्हायती असतं, तर आलेच नसते राव!"

गोळी अजून चालू आहे. डॉक्टर म्हणतील तेव्हा बंद होईल. पण त्या दिवशी पाणी बघायचं सोडून मी बांधावर बसून राहिलो, ते दमल्यामुळे नव्हे. किती दिवसांनी ती कुणावर तरी मोकळेपणानं ओरडत होती, आणि समोरून उलट उत्तर येत होतं.