प्रल्हादची झाकणं

माझा नवरा झाकणं करतो. इतरांचे नवरे रिटायर झाल्यावर गोल्फ खेळतात, मागच्या अंगणात मेथी लावतात, नाहीतर फोनवर बसून भारत देश चालवतात. प्रल्हाद गॅरेजमध्ये बसून खेळण्यातल्या होड्यांची झाकणं करतो. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं त्याला चालत नाही, म्हणून मी मुद्दाम म्हणते. मीटरभर लांबीच्या, खऱ्या शिडाच्या होड्या असतात त्या. माणूस काठावर रिमोट घेऊन उभा राहतो आणि होडी तळ्यात वाऱ्यावर पळते. तिच्या पोटात बॅटरी आणि रिमोटचं यंत्र असतं. ते ठेवायला-काढायला वर हाताचा पंजा जाईल एवढं भोक असतं, आणि तिथून पाणी आत गेलं की खेळ खलास. त्या भोकावर बसवायचं ते झाकण.

आमच्या मॉरिसव्हिलच्या होड्यांच्या क्लबातले बाकीचे लोक त्या भोकावर शिडाच्या कापडाचा चिकट तुकडा लावतात आणि मोकळे होतात. प्रल्हादला ते बघवत नाही. तो साच्यावर मेण चोळतो, त्यावर फायबरग्लासचं कापड बसवतो, इपॉक्सीचा गोंद चोपडतो, दिवसभर वाळू देतो आणि मग कानशीने कडा घासत बसतो. नखाने चाचपतो, पुन्हा घासतो. खालून रबराची कड, वरून बारीक स्क्रू. थंडीत इपॉक्सी वाळत नाही म्हणून गॅरेजमध्ये हीटर चालू. घरात मी स्वेटर घालून बसते आणि गॅरेजमध्ये झाकणं उन्हाळा भोगतात.

तीस वर्षं त्याने सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. म्हणजे दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायचा पगार घेतला. चूक सापडेपर्यंत त्याच्या पायाला भिंगरी असते आणि सापडली की दोन दिवस तो देवमाणूस असतो. संसारात याचा त्रास किती होतो ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते की माझ्या पोळीचा व्यास एकदा मोजला गेला आहे.

तर श्रीरंगची गोष्ट. श्रीरंग आणि प्रल्हाद पुण्याहून एकाच वर्षी इथे अमेरिकेत आले, सोळा वर्षं एकाच कंपनीत होते. श्रीरंग कोड लिहायचा, प्रल्हाद तो तपासायचा. प्रल्हादने काहीही दाखवलं तरी श्रीरंगचं उत्तर ठरलेलं: "असेल यार, माझंच चुकलं असेल. बघतो." बाकीचे डेव्हलपर हमरीतुमरीवर यायचे. श्रीरंग घरी जाऊन मुकाट्याने पुन्हा लिहायचा, म्हणून प्रल्हादचा तो फार लाडका.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने श्रीरंगला काढलं. छप्पन्न वर्षांचा होता. त्यानंतर इंटरव्ह्यू झाले, गोड बोलणं झालं, नोकरी मिळाली नाही. त्याची बायको शोभना माझी मैत्रीण आहे. ती सांगायची की हा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो आणि दिवसभर खिडकीशी बसतो. मग कुणाच्या तरी नादाने त्याने होडी करायला घेतली. दोन हिवाळे जेवणाच्या टेबलावर लाकडाच्या पातळ पट्ट्या एकाला एक जोडत बसला. शोभनाने दोन हिवाळे सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवण केलं आणि तक्रार केली नाही, कारण माणूस बोलायला लागला होता. होडी झाली तेव्हा त्याने सगळ्यांना घरी बोलावून श्रीखंड-पुरी खाऊ घातली. त्या होडीत त्याचं काय काय होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. प्रल्हादलाही.

झाकण अर्थातच प्रल्हादचं. श्रीरंगचं टाउनहाऊस, तिथे गॅरेज नाही, म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी होडी आमच्याकडे यायची. प्रल्हाद हीटरशेजारी तिची बॅटरी वगैरे बसवून, झाकण लावून, स्क्रू आवळून सकाळी तळ्यावर न्यायचा. काठावर लोक ओल्या हातांनी झाकणं लावतात, हे त्याला पसंत नव्हतं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा होडी पाण्यात गेली आणि अर्ध्या तासात जड चालायला लागली. उघडली तर आत कपभर पाणी. प्रल्हादने झाकण नवीन केलं, रबर जाड घातलं. पुढच्या वेळी दीड कप. मग चार स्क्रूंचे आठ केले, दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. आमच्या बाथटबमध्ये होडी तासभर दाबून धरली, आत एक थेंब नाही. मार्चच्या मधल्या रविवारी शर्यत होती. गवतावर दहिवर गोठलेलं. होडी पहिल्या वळणावर तिसरी होती आणि श्रीरंग लहान मुलासारखा काठाने पळत होता. दुसऱ्या वळणाआधी ती तळ्याच्या मध्यात थांबली. एकाने छोटी नाव वल्हवत जाऊन तिला ओढून आणली. दोन कप पाणी, यंत्र भिजून गेलेलं.

मी चहाचा थर्मास घेऊन तिथेच उभी होते. प्रल्हाद सगळ्यांसमोर म्हणाला, "झाकण एअरटाइट आहे. मी टेस्ट केलंय. पाणी मागून येतंय, रडरच्या नळीतून. आणि नळी तू बसवलीयस."

होडीच्या शेपटाशी एक बारीक नळी असते, तिच्यातून सुकाणूचा दांडा खाली जातो. ओल तिथे होती हे खरं. पण बोलण्याचा सूर मला आवडला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, तसा सूर होता तो.

श्रीरंगने होडीकडे बघितलं. "असेल," तो म्हणाला. "माझंच चुकलं असेल." टॉवेलमध्ये गुंडाळून त्याने ती गाडीत ठेवली. चहा घेतला नाही.

प्रल्हादला चूक सापडली होती, म्हणजे आता दोन दिवस देवमाणूस. तसा तो होता. मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा आदल्या रात्रीची आमटी गरम करायला त्याने फ्रीजमधून डबा काढला. झाकण निघेना. ओढून बघितलं, मग सुरी घेतली.

"अरे, गरमगरम आमटीवर झाकण दाबून फ्रीजमध्ये ठेवलंस ना?" मी म्हटलं. "आतली हवा गार झाली की झाकण ओढून धरते. सुरी ठेव. कड जरा उचल, हवा जाऊ दे आत."

त्याने कड उचलली. फुस्स झालं. झाकण निघालं आणि प्रल्हाद डबा हातात धरून तसाच उभा राहिला. मी आमटी मागितली तर ऐकू गेलं नाही. मग डबा ओट्यावर ठेवून तो गॅरेजमध्ये गेला.

अर्ध्या तासाने हाक आली. त्याने स्वतःची जुनी होडी हीटरशेजारी ठेवून ऊबदार केली होती, झाकण आवळलं होतं आणि टबमध्ये फ्रीजरमधला सगळा बर्फ ओतून ती त्यात सोडली होती. माझ्यासमोर झाकण उघडलं. आत पाणी. पुसून, पुन्हा गरम करून, या वेळी झाकण जरा सैल ठेवून ती पाण्यात सोडली. आत कोरडं.

"झाकण इतकं घट्ट आहे की हवा दुसरीकडून कुठूनच येऊ शकत नाही," तो म्हणाला. "गार पाण्यात आतली हवा आकसते आणि दांड्याच्या कडेने नळीतून पाणी ओढून घेते. कितीही चांगली नळी असू दे. मी जितकं घट्ट केलं तितकं पाणी जास्त आलं. टब घरातला, पाणी घरातलं, म्हणून टेस्ट पास. एन्व्हायर्नमेंटच वेगळं होतं, नेत्रा. मी ते बघितलंच नाही."

क्षणभर त्याचे डोळे चमकत होते, कोडं सुटल्यावर चमकतात तसे. मग ते खाली गेले.

"श्रीरंगला फोन कर," मी म्हटलं.

"करतो. जरा सगळ्या केसेस बघतो आणि मग करतो."

त्या आठवड्याइतका वाईट आठवडा आमच्या घरात फार कमी वेळा आला असेल. तो पहाटे उठून गॅरेजमध्ये जायचा, वहीत तापमानं लिहायचा. एवढ्या गरम होडीत एवढ्या गार पाण्याने किती चमचे पाणी येतं याचे तक्ते केले. फोन उचलायचा, नाव काढायचा, ठेवून द्यायचा. खुर्चीत बसला की गुडघा हलायचा. आमच्या गल्लीला एका दुपारी त्याने सहा फेऱ्या मारल्या. समोरच्या बाईंनी मला मेसेज करून विचारलं की सगळं ठीक आहे ना. एकदा श्रीरंगकडे जातो म्हणून गाडी काढली आणि दूध घेऊन परत आला. फ्रीजमध्ये दोन गॅलन दूध होतं.

आयुष्यभर हा माणूस लोकांना सांगत आला की चूक तुझी आहे. 'चूक माझी आहे' हे वाक्य त्याच्या तोंडात बसत नव्हतं. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस भांडी आदळतो.

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी संध्याकाळी, शोभनाचा फोन आला.

"अगं, हा शनिवारी होडीचा मागचा भाग कापणार आहे," ती म्हणाली. "नळी नव्याने बसवतो म्हणतो. आणि तरी लीक झाली तर क्लब सोडणार. मला म्हणाला, 'शोभना, माझ्या हातून काही धड होत नाही हेच खरं.' नेत्रा, तो परत खिडकीशी बसायला लागलाय गं."

मला सगळं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. आणि मी मूग गिळून बसले. मनाला सांगितलं की हे प्रल्हादनेच सांगायला हवं. खरं कारण एवढंच की नवऱ्याची फजिती माझ्या तोंडून शोभनाला कळावी हे मला नको होतं. त्याला नावं ठेवते खरी, पण त्या बुधवारी मीही त्याच्यापेक्षा काही वेगळी नव्हते.

फोन ठेवल्यावर मी प्रल्हादला सांगितलं. "शनिवारी ना? मी शुक्रवारी जातो. नक्की."

शुक्रवारी त्याची आणखी दोन रीडिंग्ज राहिली होती. शनिवारी सकाळी आठ वाजता मी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि शेजारी जाऊन बसले. मागच्या सीटवर त्याची जुनी होडी, वही आणि बर्फाने भरलेला कूलर. प्रात्यक्षिकाची पूर्ण तयारी. वाटभर त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि एक वळण चुकवलं, जिथून आम्ही वीस वर्षं जातोय.

दार शोभनाने उघडलं. "बरं झालं आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "तो शनिवारपर्यंत थांबलाच नाही. गुरुवारीच कापली."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली होती. त्यावर होडी आडवी, आणि वीतभर अंतरावर तिचं कापलेलं शेपूट. लाकडाच्या पट्ट्यांची टोकं उघडी पडली होती. दोन हिवाळे ज्या सांध्यांना त्याने हातानं पॉलिश केलं होतं, त्यांच्यातून करवत गेली होती. श्रीरंग भिंग आणि टॉर्च घेऊन वाकला होता. आम्हाला बघून उठला, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

"ये ये. बघ, नळी काढली पूर्ण. पण कालपासून बघतोय यार, मला यात फट दिसत नाही. साबणाचं पाणी लावून फुंकूनही बघितली." त्याने ती पेन्सिलीएवढी नळी प्रल्हादच्या हातात ठेवली. "तू बघ. तुझी नजर वेगळी. तुला सापडेल."

प्रल्हादने नळी धरली.

"यात काही नाहीये, श्रीरंग. नळी चांगली आहे. चूक माझ्या झाकणाची होती."

मग त्याने सगळं सांगितलं, हीटर, गार पाणी, आकसणारी हवा. आमटीचा डबासुद्धा सांगितला. मध्येच एकदा श्रीरंगने कापलेल्या तुकड्याला हात लावून तो होडीच्या आणखी जवळ सरकवला.

"कधी कळलं तुला?" त्याने विचारलं.

"मंगळवारी."

शोभनाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"मी गुरुवारी कापली," श्रीरंग म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो हिशेब स्वतःलाच समजावत असावा तसा बोलला.

प्रल्हाद घाईघाईने बोलायला लागला. "गाडीत माझी होडी आणलीय. कूलरमध्ये बर्फ आहे. तुझ्या टबात दहा मिनिटांत दाखवतो. तुला खात्री पटेल. मी सगळी रीडिंग्ज..."

"नको रे," श्रीरंग म्हणाला. "टेस्ट कशाला? नळी खराब आहे असं तू म्हणालास, तेव्हा मी कुठे टेस्ट मागितली होती?"

प्रल्हादने नळी वर्तमानपत्रावर, कापलेल्या शेपटाशेजारी ठेवली. शोभना म्हणाली, चहा टाकते.